तिरप्या नजरेचे पाळकसाहेब

"आजचं पान वाचा, सुवार्ताबाई," पाळकसाहेब म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता ओट्यावरच्या रांजणाकडे बघत बसले.

मी वाचलं. आमच्या घराला त्यांनी 'बारमाही झरा' हे पुस्तक दिलं होतं. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. वर एक वचन आणि खाली दहा-बारा ओळींचं मनन. छपाई जुनी, अक्षर मुंगीएवढं. वाचून झालं तसे ते म्हणाले, "छान वाचलंत. आता जरा पुढे जा. कापणीच्या सणाच्या रविवारचं पान काढा."

"सण अजून लांब आहे, साहेब."

"असू द्या. वाचा."

हे पान त्यांनी मला याआधीही वाचायला लावलं होतं. सारफथच्या विधवेचं, दुष्काळात जिच्या बुधल्यातलं तेल सरलं नाही तिचं. मी वाचत होते आणि ते मान किंचित वळवून, रांजणावरची नजर न हलवता, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. आत आईने पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. चहा संपवून, "सलाम बाई, येतो," म्हणून ते उठले आणि सावकाश गल्लीतून निघून गेले.

दादा, म्हणजे माझे वडील, आतल्या खोलीत पेटीचा भाता पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, "गेला?"

"गेले."

"तुझ्या तोंडाकडं बघून बोलला का एकदा तरी?"

"नाही."

"मी तेच म्हणतोय. ज्याच्या पोटात काही नाही, तो माणूस समोर बघतो. हा आपला सारखा तिरपा. गाय खरेदीला आलेल्या दलालासारखा."

"दादा, पाळक आहेत ते."

"कच्चे आहेत," दादा म्हणाले. "पक्के झाले की बघू."

आमच्या शिरसखेडच्या मंडळीचा तो रिवाज होता. नवा पाळक आला की त्याचं पहिलं वर्ष कच्चं. वर्ष भरलं की कापणीच्या सणाला, सगळी मंडळी ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन देवळात जमली, की मंडळीचे ज्येष्ठ, म्हणजे वडील पंच, वेदीवरची 'बारमाही झरा'ची प्रत उघडायचे, पाळकाने उभं राहून पान मोठ्याने वाचायचं आणि त्यावर चार शब्द बोलायचे. मंडळी 'आमेन' म्हणाली की तो पाळक आमचा. नाही म्हणाली, तर पाळकाने घर रिकामं करायचं. माझ्या आठवणीत 'नाही' कधी झालं नव्हतं. पण विद्याधर अमोलिक यांच्या वेळी ते होणार, असं त्या वर्षी सगळेच धरून चालले होते.

माणूस विधुर, साठीकडे झुकलेला, एकटा राहणारा. आला तो दोन ट्रंका भरून पुस्तकं घेऊन. सगळी रोजच्या वाचनाची, जुनी, वापरून मऊ झालेली. आल्या आल्या त्याने घराघराला एकेक पुस्तक नेमून दिलं. पाटोळ्यांच्या गंगूबाईचा मुलगा विहिरीत गेला होता, तिला संध्याकाळच्या प्रार्थनांचं छोटंसं पुस्तक. बांधावरून भांडणाऱ्या दोघा लोखंडे भावांना मिळून एकच पुस्तक. एक दिवस याच्या घरी वाचायचं, एक दिवस त्याच्या. आणि डॅनियल साळवे मास्तरांना, म्हणजे आमच्या वडील पंचांना, कुणा परदेशी साधूचं नम्रतेवरचं पुस्तक.

"नम्रतेवरचं," मास्तर आमच्या ओट्यावर बसून म्हणाले होते. "मला. चाळीस वर्षं शाळा चालवली मी."

"वाचून तर बघा मास्तर, गुण येईल," दादांनी टोला हाणला.

"थट्टा करू नका, बुवा. हा माणूस घरोघरी पुस्तकं का देतो? आणि मग सकाळी घरोघरी जाऊन 'आजचं पान वाचा' का म्हणतो? स्वतः वाचता येत नाही का त्याला? पाच भाषा शिकलाय म्हणे. हा तपासणी करतोय. कोण वाचतो, कोण नाही, कुणाच्या घरात काय चाललंय, सगळं वर कळवत असणार."

"कळवून काय मिळणार त्याला?"

"ते मला माहीत असतं तर मी इथं बसलो असतो का?"

आई चहाचे कप घेऊन आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमच्या पुस्तकातला तो साधू रोमन कॅथलिक होता का हो?"

मास्तर थबकले. "असेल. जुना आहे म्हणजे असेलच."

"मग झालं तर," आई म्हणाली. "आधी पुस्तक, मग माळ, मग मेणबत्ती. माझ्या मावशीच्या गावाला असंच सुरू झालं होतं."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात किंतु होता. एक तर रविवारच्या उपदेशात आमच्याच घराघरातलं काहीतरी निघायचं. गंगूबाईकडे वाचताना तिला जिथे रडू फुटलं असेल, नेमकी तीच ओळ. दुसरं म्हणजे रस्त्यात समोरासमोर आलं तरी हा माणूस सलाम घालायचा नाही. आपण घातला तर मात्र लगेच थांबून, "सलाम, सलाम, कसं काय," असं तोंड भरून. आणि तिसरं, दादांच्या वर्मी लागलेलं, ते कीर्तनाचं.

दादांचं कीर्तन म्हणजे काय चीज होती, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगता येणार नाही. पांढरा फेटा, गळ्यात झोळीसारखं उपरणं, हातात चिपळ्या. पेटीवर मी. उधळ्या पुत्राचं आख्यान लागलं की दादा बापाच्या तोंडची साकी अशी धरायचे, की डुकरं राखणाऱ्या त्या पोराला दूरदेशी ती ऐकू गेली असणार असं वाटायचं. बायका पदर तोंडाला लावायच्या. म्हातारे टाळ विसरून बसायचे. मी आजवर मोठमोठे उपदेश ऐकले, पण देव माझ्याशी बोलला तो गाऊनच बोलला, असं मला अजून वाटतं.

तर अशा कीर्तनातून अमोलिकसाहेब दर वेळी मधेच उठून जायचे. उत्तररंग ऐन भरात आला की, दिवेलागणीआधी, उपरणं सावरून, भिंतीच्या कडेकडेने. दादांच्या आख्यानातला मुलगा घरी परत येतोय, बाप धावत निघालाय, आणि पाळक दाराबाहेर.

"माझ्या बापाला मिठी मारू देत नाही हा माणूस," दादा म्हणायचे. "तेवढ्यात उठतो."

आता हे सणाच्या पानाचं नवीनच निघालं होतं. पुढच्या वेळी ते आले आणि पुन्हा तेच पान मागितलं, तेव्हा माझ्या मनात आलं, बघू या तरी. मी पुस्तक उघडलं आणि मुद्दाम अलीकडचं पान वाचायला लागले.

दोन ओळींतच त्यांनी हात वर केला. "बाई, हे ते नव्हे. ते असं आहे: 'बुधल्यात तेल किती उरलं, हे विधवेने रोज वाकून पाहिलं नाही. तिने रोज भाकरी केली.'"

शब्दन् शब्द बरोबर.

"साहेब, पाठ आहे तर मग मी कशाला वाचू?"

"पाठ होतंय," ते रांजणाकडे बघत म्हणाले. "अजून शेवटच्या तीन ओळी राहिल्यात."

हे आईने आतून ऐकलं. आईने ऐकलं ते दुपारी नळावर गेलं, आणि नळावरून संध्याकाळी मास्तरांच्या घरी.

"बघा," मास्तर दुसऱ्या दिवशी दादांना म्हणाले, "चोरी सापडली. तारीख आधी ठाऊक, पान आधी ठाऊक. पोपटासारखं पाठ करून येणार आणि आपल्यापुढे विद्वत्ता मिरवणार. पण पान कुठलं उघडायचं, ते पंचाच्या हातात आहे. रिवाजात कुठं लिहिलंय की त्याच तारखेचं उघडा म्हणून?"

"बघा काय करायचं ते," दादा म्हणाले. त्यांनी मास्तरांना अडवलंही नाही आणि पाठिंबाही दिला नाही. पण चिपळ्या पुसता पुसता हसले, हे मी पाहिलं.

सणाच्या आदल्या दिवशी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. पुस्तक परत करायचं निमित्त होतं. मला त्यांना सरळ विचारायचं होतं, की तुम्ही आहात तरी कोण.

दार उघडंच होतं. भर उन्हात, उंबऱ्यावर, ते पाटावर बसले होते. समोर त्यांची पुस्तकं मांडलेली. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला सुतळी बांधलेली, आणि ते एकेक उचलून सुतळीच्या गाठी बोटाने चाचपत होते. मी दोन-तीन पावलांवर उभी होते. माझी सावली त्यांच्या पायाशी पडली होती. त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्याकडे, पहिल्यांदाच, आणि विचारलं, "कोण?"

त्यांनी मान वळवली, तीच तिरपी, कडेची नजर लावली, डोळे बारीक केले. "बाईमाणूस आहे. कोण आहात?"

"सुवार्ता. शांतवनबुवांची."

"अच्छा." सुतळीवरचा हात तसाच राहिला. मग हळू म्हणाले, "या. बसा. आता लपवण्यात अर्थ नाही."

"साहेब, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं. कडेचं दिसतं. भिंत दिसते, झाड दिसतं, वाट दिसते. पण बरोबर मधे डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जातो. म्हणून बाजूला बघावं लागतं, म्हणजे माणूस थोडासा येतो कडेनं. तोंड नाही येत. अक्षर तर नाहीच. आणि उजेड कमी झाला की तेवढंही जातं."

मला आमच्या ओट्यावरचा रांजण आठवला, कीर्तनातून भिंतीच्या कडेने जाणं आठवलं. पण रागही आला.

"मग ही फसवणूकच झाली की, साहेब. पान पाठ करून मंडळीपुढे वाचायचं नाटक करणार तुम्ही."

"हो," ते म्हणाले. "मी काही त्याला दुसरं नाव देत नाही. उद्या कायम झालो, की परवा मीच सांगणार होतो."

"आधी का नाही सांगत?"

"मागच्या मंडळीत आधी सांगितलं. फार माया केली हो त्यांनी. शाल दिली, हार घातला, फोटो काढला. आणि महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं." त्यांनी सुतळीची गाठ पुन्हा चाचपली. "मला दुसरं काही येत नाही, बाई. कुणाच्या घरी बसावं, त्याला काय लागलंय ते ऐकावं, त्याला साजेसं पुस्तक हाती द्यावं. तिथे काय लिहिलंय ते मला साधारण आठवतं, पण ज्याचं दुःख आहे त्याच्या तोंडून ते पुन्हा ऐकलं, की रविवारी काय बोलायचं ते कळतं. हे गेलं तर मी भाच्याच्या घरी कोपऱ्यात बसून दिवस मोजणार."

मी त्यांना मास्तरांचा बेत सांगितला. उद्या पान दुसरंच निघणार.

त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग विचारलं, "कुठलं काढतील?"

"माहीत नाही."

"तीनशे पासष्ट," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "एका रात्रीत होण्यासारखं नाही. जा तुम्ही. आणि बाई, मास्तरांना काही सांगू नका. माझं मला बघू द्या."

रविवारी देऊळ खचाखच भरलं होतं. वेदीपुढे कणसांच्या पेंढ्या, भोपळे, गुळाची ढेप, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मी पेटीशी, दादा माझ्या शेजारी, चिपळ्या मांडीवर. मास्तर कडक इस्त्रीच्या कोटात उठले, वेदीवरचं जाड 'बारमाही झरा' उचललं, उघडलं, थोडी पानं मागे सारली आणि पाळकसाहेबांच्या हातात दिलं.

"वाचा."

अमोलिकसाहेबांनी पुस्तक घेतलं. पानावरून बोट फिरवलं. मला वाटलं, विधवेची भाकरी सुरू करतील, आणि मास्तर त्यांना तिथेच धरतील. मास्तरांनाही तेच वाटत होतं. ते एक पाऊल पुढे येऊन उभे होते.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"मास्तर, मला वाचता येत नाही. डोळे गेलेत. पुरते नाहीत, पण अक्षरापुरते गेलेत. तुमच्या गावात आलो तेव्हाही गेलेलेच होते. आजचं पान मी सुवार्ताबाईंकडून वाचून घेऊन पाठ केलं होतं. ते म्हणून दाखवता आलं असतं, पण तुम्ही उघडलंय ते आजचं नाही, असं मला वाटतं."

देवळात कुजबुज उठली ती वाढतच गेली. कुणीतरी मागे म्हणालं, "म्हणून सलाम घालत नव्हता होय." मास्तर उभेच. त्यांनी माणूस धरायला सापळा लावला होता आणि माणूस स्वतःच येऊन त्यात बसला होता. पण मास्तर रिवाजाचे पक्के. त्यांनी घसा साफ केला. "वाईट वाटतं, साहेब. पण पान वाचलं जायला पाहिजे. पान वाचलं नाही, तर मी मंडळीला आमेन विचारू शकत नाही."

शेजारी चिपळ्यांचा आवाज झाला. एकदाच.

दादा उठले होते. "मास्तर, कीर्तनात बुवा पोथी हातात धरतो का?"

"इथे कीर्तन चाललेलं नाही, बुवा."

"माझ्या मागे टाळकरी ओळ देतो, मी निरूपण करतो. म्हणून ते कीर्तन टाळकऱ्याचं होतं का? पान वाचलं जायला पाहिजे, एवढाच रिवाज ना? सुवार्ता, घे पुस्तक. मास्तरांनी काढलंय तेच पान. जसं आहे तसं वाच."

दादांनी असं का केलं, ते मला त्या क्षणी कळलं नाही. हाच माणूस त्यांच्या आख्यानातून उठून जाणारा. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, दिवेलागणीला दिसत नाही त्याला, तरी दर वेळी येऊन बसत होता की."

मास्तरांनी नाही म्हटलं नाही. मी पान वाचलं. प्रभूला पकडून नेलंय, मुख्य याजकाच्या अंगणात शेकोटी पेटलीय, पेत्र शेकायला बसलाय, आणि एक दासी त्याच्याकडे निरखून बघते आणि म्हणते, हाही त्याच्याबरोबरचाच. दादांनी ती ओळ उचलली आणि तिथल्या तिथे चाल लावून गायली, अगदी खालच्या सुरात, 'निरखून पाही दासी, हा त्याचाची, हा त्याचाची.' मी पेटीवर सूर धरला.

पाळकसाहेब वेदीच्या कठड्याला हात लावून उभे होते. चिपळ्या थांबल्यावर ते बोलू लागले.

"त्या अंगणात सगळे पेत्राकडे बघत होते. उजेड चांगला होता. बघणाऱ्यांची नजरही चांगली होती. त्यांनी बरोबर ओळखलं त्याला, 'मी प्रभूला ओळखत नाही' असं तो खोटं बोलत होता, हेही बरोबर ओळखलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. मग कोंबडा आरवला, आणि प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. त्यानेही तेच पाहिलं, जे बाकीच्यांनी पाहिलं होतं. तोच खोटं बोलणारा पेत्र. पण बाकीच्यांच्या बघण्याने पेत्र पकडला गेला, आणि या एकाच्या बघण्याने तो रडला."

ते कडेच्या भिंतीकडे तोंड करून बोलत होते, म्हणजे आमच्याकडे बघत होते.

"मीही तुमच्याशी वर्षभर खोटेपणाने वागलो. तुम्ही ओळखलंत, बरोबर केलंत. मला एवढंच सांगायचंय. तुमची तोंडं मला दिसत नाहीत. माझ्याकडे कोण रागाने बघतंय, कोण संशयाने, कोण मायेने, मला कळत नाही. म्हणून गेलं वर्षभर तुम्ही सगळेच मायेने बघताय, असं धरून मी तुमच्या दारात येत होतो. त्याशिवाय मला येताच आलं नसतं."

आई दुसऱ्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावला. दादांनी पुन्हा गायला तोंड उघडलं, पण सूर काही लागेना.

मास्तर बराच वेळ कोटाचं बटण चाचपत होते. मग त्यांनी विचारलं, "बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या रजिस्टरवर सही करता येईल?"

"येईल. बोट ठेवून जागा दाखवा."

"अंत्यविधीला संध्याकाळ झाली तर?"

"कुणीतरी हात धरा."

मास्तरांनी मंडळीकडे वळून बघितलं, आणि हजेरी घेताना घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, "पान वाचलं गेलं आहे. मंडळी?"

आमेन झाला. एकदम नाही झाला. आधी गंगूबाईचा एकटीचा आला, मग दोघा लोखंडे भावांचा, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, आणि मग बाकीच्यांचा.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब नेहमीसारखे दारात उभे राहिले. पहिले मास्तर होते. ते त्यांच्या पुढ्यात गेले, थांबले, आणि हात पुढे करून म्हणाले, "सलाम, साहेब. मी डॅनियल साळवे."

मागच्यांनी ते ऐकलं. "सलाम, मी गंगूबाई, पाटोळ्यांची." "सलाम, मी धाकटा लोखंडे." "सलाम, मी सगुणा, सुवार्ताची आई. ते पुस्तक रोमन असलं तरी राहू द्या मास्तरांकडे." दादा शेवटी गेले. "मी शांतवन. आवाज ओळखाल, पण तरी सांगतो."

अमोलिकसाहेब त्यानंतर अकरा वर्षं आमचे पाळक होते. शिरसखेडच्या मातीतच गेले. त्यांच्यामागे तीन पाळक येऊन गेले, तिघांचेही डोळे उत्तम. आताचे तर अगदी तरुण आहेत, चष्मासुद्धा नाही. आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, इथले लोक सलाम घालताना स्वतःचं नाव का सांगतात? मला रोज भेटतात, तरी सांगतात."

मी म्हटलं, "आमच्या मंडळीचा रिवाज आहे, साहेब."